डोळे मिटून निवडलेला चाकू

त्यांच्या हातात कुठलीही वस्तू दिली, की ते आधी डोळे मिटायचे. मग ती बोटांनी चाचपायचे, उलटीसुलटी करायचे आणि डोळे न उघडताच बरी की वाईट ते सांगायचे. खुरपं असो, नळाची तोटी असो, नाहीतर नातीची नवी चप्पल. जाफराबादला आमच्या गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. तेवढ्यात ते म्हणायचे, "डोळे चांगलंच म्हणतेत. हाताला इचार."

गल्ली त्यांना फौजीकाका म्हणायची. तुमच्या ओळखीत एखादे निवृत्त फौजी असतील, तर त्यांच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. आमचे काका गोष्टी सांगत नसत. काका, गोळी चालवली का, असं कुणी विचारलं, तर म्हणायचे, "लई बर्फ उपसला." विषय संपला. चालताना ते डाव्या पायावर जरा कलायचे. त्या पायाची बोटं थंडीनं गेली होती, एवढंच गल्लीला ठाऊक होतं.

मी फौजेत लागलो, प्रशिक्षण संपलं आणि पहिलीच नेमणूक वर डोंगरात, बर्फात मिळाली. जाण्याआधी सुट्टीवर गावी आलो. जवळ एक चांगला चाकू असू दे, असं जुन्या जवानांनी सांगितलं होतं. मोबाइलवर मी एक पसंतही करून ठेवला होता. लांबलचक काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र. तो फोटो काकांना दाखवला. त्यांनी मोबाइल घेतला, सवयीनं डोळे मिटले आणि मग स्वतःच हसायला लागले. "याला तर वजनच न्हाई," म्हणाले. "उद्या जालन्याला जाऊ."

दुसऱ्या दिवशी एसटीनं जालन्याला गेलो. मे महिना, डांबर वितळायला आलेलं, आणि काकांच्या पिशवीत लोकरीचे जाड हातमोजे. 

बाजारात हत्यारांच्या एका दुकानात त्यांनी सगळ्या तऱ्हेचे चाकू मांडायला लावले. मला हवा होता तसा दातेरी होता, दोन-तीन घडीचे होते, काही साधे होते. मी दातेरी चाकूकडे हात नेला, तर काका म्हणाले थांब, आणि दुकानातून बाहेर पडले. परत आले ते शेजारच्या रसवंतीतून बर्फानं भरलेली बादली घेऊन. मागोमाग रसवंतीवालाही आला, या बर्फाचं काय होतंय ते बघायला.

काकांनी माझे दोन्ही हात त्या बर्फात घालायला लावले. रस प्यायला आलेले लोकही आत डोकावू लागले. बोटं आधी दुखली, मग लाल झाली, मग माझी राहिली नाहीत. तेव्हा काकांनी पिशवीतले हातमोजे बादलीत भिजवून मला चढवले, डोळे मिटायला सांगितले आणि घडीचा चाकू हातावर ठेवला.

"उघड."

उघडेना. पात्यावरची ती बारीक खाच बोटाला सापडेचना. दुसराही उघडेना. मग दातेरी चाकू. त्याची मूठ गुळगुळीत आणि जाड. काकांनी समोर ताणून धरलेली दोरी कापायला जोर लावला, तर तो हातातून निसटून बादलीत पडला. दुकानदार हसला, मीही हसलो. काका हसले नाहीत.

शेवटी त्यांनी एक अगदी साधा चाकू हातात दिला. घडी नाही, दात नाहीत. पातं तळहाताएवढं, आणि त्याचंच लोखंड मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं. मूठ खरबरीत. बोटांपुढं एक आडवा उंचवटा, हात पात्यावर सरकू नये म्हणून. डोळे मिटलेले असतानाही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळत होतं. दोरी कापली गेली. काकांनी माझं मनगट धरून पुन्हा कापायला लावली. "पातं माणसाकडं न्हाई, बाहेर. अंगाकडून बाहेर वढायचं."

हाच, असं ते दुकानदाराला म्हणाले. मला मनातून वाईट वाटलं होतं. घरात भाजी चिरायला असतो, तसा तो दिसत होता.

 परतीच्या एसटीत काका म्हणाले, आधी तुझ्या सुभेदार साहेबाला चाकू दाखव; ते नाही म्हणाले तर पेटीत राहू दे. मग न विचारता बोलू लागले. एकदा वर चौकीवर त्यांच्या तंबूवर बर्फ कोसळला होता. ते बाहेर होते, दोस्त आत अडकला होता. तंबूचं कापड कापायचं होतं.

"खिशात घडीचा चाकू होता. हौसेनं घेतलेला," काका म्हणाले. "बोटं मेलेली. उघडंना. दातानं उघडला." मग म्हणाले, "तवर उशीर झाल्ता."



पुढच्या हिवाळ्यात आमची गाडी रस्त्यावरून घसरून नाल्यात आडवी झाली. मी बाकीच्या जवानांबरोबर मागं होतो, बाहेर फेकला गेलो. चालक गढवालचा, माझ्याच वयाचा. तो सीटच्या पट्ट्यात लटकलेला आणि पट्ट्याचं कुलूप वाकून बसलेलं. कमरेपर्यंत बर्फाचं पाणी, वरून डिझेल गळत होतं. माझे हातमोजे भिजले होते आणि बोटं कुठं आहेत ते कळत नव्हतं. पण कमरेचा चाकू हातात आला आणि धार कुठल्या बाजूला आहे ते कळलं. पातं त्याच्या छातीकडून बाहेरच्या अंगाला ओढलं. पट्टा तुटला. आम्ही त्याला वर ओढून घेतला आणि अंगावर होतं नव्हतं ते सगळं त्याच्यावर घातलं.

फोन लागायला लागला, तसा मी आधी काकांना लावला. सगळं सांगितलं.  त्यांनी विचारलं, "पोरगं कुठाय?"

मी दवाखान्यात त्याच्या खाटेजवळच होतो. व्हिडिओ लावून फोन त्याच्याकडे दिला.  मग काकांनी त्याला विचारलं, "मां को फोन किया?" तो म्हणाला, नाही, ती घाबरेल. काका म्हणाले, "सब मत बता. आवाज सुना दे बस."

त्या दिवशी काका जेवायला बसले आणि दोस्ताचं नाव घेऊन काकींशी बोलत राहिले. तो कसा गायचा, पोळी कशी कच्ची ठेवायचा. काकींनीच मला हे नंतर सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात ते नाव त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

काका गेले तेव्हा मी वरच होतो. सुट्टी मिळाली ती पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापुरती. पोहोचलो तेव्हा वंदना संपत आली होती. मंडपात मागच्या बाजूला तो चालक बसला होता, आणि शेजारी डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई. आईला त्यानं कधीतरी सगळं सांगितलं होतं. ती कधी डोंगर उतरली नव्हती. आगगाडी, एसटी, जीप असं करत लेकाबरोबर जाफराबादला आली होती.

लोक पांगल्यावर ती उठून काकांच्या फोटोजवळ गेली. घरच्यांना दुसरा चांगला फोटो सापडला नव्हता, म्हणून भरतीनंतरचा, वर्दीतला लावला होता. मिसरूड नुकतंच फुटलेलं, टोपी जरा मोठी. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग काकींना म्हणाली, "ये तो मेरे बेटे से भी छोटे हैं."

"हां," काकी म्हणाल्या. "तब नये-नये लगे थे."

मग काकींनी तिला आपल्याशेजारी बसवून घेतलं आणि सुनेला दोघींसाठी ताट वाढायला सांगितलं.