फिट्सची गोळी आणि आईची कुजबुज

बेंगळुरात मराठी ही आमच्या घरची खासगी मालमत्ता आहे, असा आईचा ठाम समज होता. शिवाजीनगरात दुकानदाराशी कन्नडात घासाघीस करता करता ती त्याच्यादेखत मला मराठीत सांगायची, "लबाड आहे मेला, चल पुढं." कधी पकडली गेली नव्हती.

मला फिट्स येत. कॉलेजच्या पहिल्या वर्षी, मी अठरा पूर्ण केल्यावर, एका नव्या गोळीनं त्या थांबल्या. आधीच्या कुठल्याच गोळीला दाद देत नव्हत्या. पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाई कन्नडात म्हणाल्या, की या गोळीवर असताना दिवस राहिले तर बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून गर्भनिरोधनाबद्दल बोलायला हवं. मग त्यांनी मला विचारलं, कुणी मित्र आहे का?

मी तोंड उघडायच्या आत आई कुजबुजली, "नाही म्हणून सांग. आणि ही गोळी आजपासून बंद. उद्या लग्नात आडवी येईल."

"अक्का, एकदम बंद केली तर जिवावर बेतेल," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. चक्क मराठीत. "मी निपाणीची की."

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला हसू आवरेना, आणि भीतीही वाटत होती. गोळी गेली असती तर फिट्स परत आल्या असत्या आणि कॉलेज सुटलं असतं. "स्वल्प बाहेर बसा, थोडा वेळ," असं बाईंनी म्हटल्यावर आई मुकाट्यानं उठली.

दार लागल्यावर मी खरं सांगितलं. मित्र होता. बाईंनी ना भुवई उंचावली ना उपदेश केला. कंडोम, तांबी, काय कितपत भरवशाचं, सगळं नीट समजावलं. मी विचारलं, "मला मूल कधी होणारच नाही का?"

"होईल की. फक्त ठरवायच्या आधी माझ्याकडे ये, गोळी हळूहळू बदलू. आपल्या मनानं सोडायची नाही."

परतीच्या बसमध्ये आईनं आधी आजूबाजूच्या बायकांकडे संशयानं पाहिलं, मग माझ्या कानाशी लागली. "काय म्हणाली?"

"मूल होईल म्हणाली. पण गोळी चालू ठेवायची, आणि तोवर काळजी घ्यायची."

मित्राचं तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "कधी काही झालं तर आधी मला सांग. रागावेन मी. पण सांग."

आवाज मात्र या वेळी तिनं खाली केला नव्हता.