आठ ओहमचा बॉक्स

साल दोन हजार तेवीस, महिना फेब्रुवारी. थंडी ओसरून दुपारचे ऊन बोचू लागले होते. त्याच महिन्यात आमच्या कर्जतच्या घरातला काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर कायमचा मुका झाला. माझे दीर, यशवंतभाऊजी, चाळीस वर्षे त्यावर बेस गिटार वाजवीत आले होते. त्यांची भीमगीतांची पार्टी आमच्याच ओसरीवर तालमी करी. अशा घरात किस्से जुन्या भांड्यांसारखे साचतात. वापरात नसले तरी टाकवत नाहीत.

*

यंत्राची देखभाल कुंभिवलीचे मुश्ताकभाई करीत. अँप्लिफायरच्या पाठीमागे चार, आठ आणि सोळा ओहमची तीन सॉकेटे होती. स्पीकरचा बॉक्स जितक्या ओहमचा, तितक्याच सॉकेटात त्याची पिन घालायची, हा त्यांचा दंडक. मी जुन्या मॅट्रिकची. पडताळल्याशिवाय मानणार नाही. मीटर लावला, तर आठाच्या बॉक्सवर साडेसहाच भरले. कंपनीला खरमरीत पत्र लिहिण्यासाठी मी कागदही काढला.

मुश्ताकभाई म्हणाले, "वहिनी, हा बसल्या माणसाचा आकडा. गाणं सुरू होऊ द्या, उठून उभा ऱ्हातो तो."

पत्र तसेच राहिले.

*

कळंबच्या लग्नात आठाचे दोन बॉक्स समांतर (पॅरलल) जोडायचे होते. आठ आणि आठ सोळा, असे मी सर्वांदेखत ठामपणे सांगितले. मुश्ताकभाईंनी पिन चाराच्या सॉकेटात घातली आणि मांडवाकडे बोट दाखवून विचारले की, एकाऐवजी दोन दारे उघडली तर गर्दी जास्त अडेल की कमी? अडथळा निम्मा, म्हणून चार.

मला कळले होते. तरीही, आमच्या गणिताच्या पुस्तकात असे नव्हते, एवढेच मी म्हणाले. चूक कबूल करण्याचा धडाही त्या पुस्तकात नव्हता!

*

कशेळ्याच्या जीपमध्ये भाऊजींनी अँप्लिफायर चादरीत गुंडाळून सीटवर बसवला आणि स्वतः मागे लटकले. शेजारच्या म्हातारीने काळजीने विचारले, "काय झालं रं ह्याला?"

"आतून काचेचा हाय, मावशे. हिसका सोसत नाय."

उतरेपर्यंत तिने त्याच्यावरचा हात काढला नाही.

*

त्या फेब्रुवारीपर्यंत भाऊजींची बोटे आखडू लागली होती. एप्रिलच्या जयंतीला शेवटचे वाजवायचे, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी मुश्ताकभाईंनी नवा बॉक्स जोडून दिला.

दुसऱ्याच दिवशी मी ओसरी झाडायला घेतली. बॉक्सची तार पायात येत होती, म्हणून पिन काढली आणि तार गुंडाळून, सुतळीने बांधून बॉक्समागे ठेवली. भाऊजी चहा घेऊन आले, यंत्र सुरू केले. आवाज येईना, म्हणून त्यांनी बटणे शेवटपर्यंत पिळली आणि जोराजोराने वाजवू लागले. बॉक्स न जोडता असे वाजवले की आतला ट्रान्सफॉर्मर जळतो, हे मुश्ताकभाईंनी मला दहादा बजावले होते. जळका वास सुटला तेव्हा मला ते आठवले. भाऊजी मेन स्विचकडे धावले. तेवढ्यात मी पिन पुन्हा जागेवर घातली.

मुश्ताकभाईंनी यंत्र उघडले. बॉक्समागे वाकून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "नव्या बॉक्सचं ओहमचं मॅचिंग माझंच चुकलं असणार."

तसा ट्रान्सफॉर्मर पुन्हा कोठेही मिळाला नाही. जयंतीला भाऊजी श्रोत्यांत बसले. मुश्ताकभाईंशी बोलणे त्यांनी सोडले. आणि मी गप्प राहिले. दीड वर्ष.

अखेर दोन हजार चोवीसच्या ऑगस्टमध्ये, एका रविवारी, मी भाऊजींना घेऊन कुंभिवलीला गेले. दुकानात उभ्या उभ्याच सांगितले, "तार मी काढली होती. मॅचिंग बरोबर होते."

मुश्ताकभाईंनी आमच्यासाठी दोन स्टुले पुसून पुढे सरकवली.

"ठाऊक हाय, वहिनी. पिन आत होती, पण तारेच्या वेटोळ्यावर सुतळीची गाठ तशीच होती. इतकी नीट गाठ या दोन तालुक्यांत दुसरं कोण मारतं?"