पांढरीवरची मेथी

गेल्या दिवाळीच्या आधल्या आठवड्यात माझ्या थोरल्या भावाने ऑस्ट्रेलियातल्या एका जुन्या सोन्याच्या गावात, माझ्या मुलीच्या घरामागे, बाहेरून माती आणून मेथीचा वाफा केला. मुलीला तेव्हा चौथा महिना होता.

भाऊ भडगावजवळ गिरणाकाठी शेती करतात. मी जळगावच्या एका दैनिकात बातम्या तपासण्याचे काम करत असे. आता निवृत्त आहे. जावई मूळ धुळ्याचा, आता मुलीच्या या गावातल्या दवाखान्यात नर्स आहे. बाळंतपणासाठी मी इकडे आले आणि भाऊ पहिल्यांदाच पासपोर्ट काढून सोबत आले.

गाव पाहायला पहिल्याच रविवारी निघालो. दीडशे वर्षांपूर्वी इथे सोने सापडले, जगभरातून माणसे आली आणि सोने संपल्यावर बहुतेक निघून गेली. इमारती राहिल्या. आज केळीचा एक ट्रक भरायलाही पुरेशी माणसे मिळणार नाहीत अशा गावात पोस्टाची इमारत मात्र आमच्या कलेक्टर कचेरीएवढी आहे. रस्त्याकडेला लोखंडी नक्षीचे व्हरांडे आहेत, त्यांखालची बरीच दुकाने बंद. गावाबाहेर झाडीत खाणींची जुनी तोंडे आहेत, काहींवर जाळ्या, काहींभोवती नुसती तार. दफनभूमीत लहान मुलांचे दगड वेगळ्या रांगेत आहेत. तिथे मुलगी थांबली नाही. गाडीत जाऊन बसली.

परतताना भाऊंना नाल्यापलीकडचा ढिगारा दिसला. फिकट, बारीक मातीची टेकडीच ती. तिच्यावर गवतही धड उगवलेले नव्हते. आमच्याकडे जुन्या, उठून गेलेल्या गावठाणाच्या मातीला पांढरी म्हणतात. माणसे आणि जनावरे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली ती माती कसदार असते. आमचे वडील गाड्या भरभरून ती काळ्या शेतात टाकत. भाऊ गाडीतून उतरून नाल्यापर्यंत गेले, लांबूनच पाहून परत आले.

"हाई गावनी पांढरी शे," ते म्हणाले. "बठ्ठं गाव उठी गयं, माती रही गई."

मुलगी हसली. लोक इथे सोने शोधायला येतात आणि मामा माती न्यायला निघाले, असे म्हणाली.

"सोनानी भाजी व्हस का, बेटा?"

दुसऱ्या दिवसापासून ते जावयाचा हातगाडा घेऊन नाल्याच्या वाटेने जाऊ लागले. ढिगाऱ्यावर इशाऱ्याची पाटी होती, पण ती पलीकडे, डांबरी रस्त्याच्या बाजूला. नाल्याकडून ती दिसत नव्हती. आणलेली माती त्यांनी घरामागच्या मातीत शेणखतासोबत मिसळली. मेथी आली, मागोमाग कोथिंबीर. मुलीला तेव्हा कशाचाच वास सहन होत नव्हता, ही भाजी मात्र ती खात होती. तिने भाकरीसोबत कच्ची मेथी खाल्ली की भाऊ दिवसभर खुशीत असत. संध्याकाळी वाफ्याला पाणी ती स्वतः घाली आणि नंतर बराच वेळ तिथेच बसून राही. ओल्या मातीच्या वासाने बरे वाटते, असे सांगे.

शेजारी एक वृद्ध बाई राहतात. त्यांचा जन्म याच गावातला. एका सकाळी कुंपणावरून त्यांनी वाफा पाहिला आणि मला विचारले, ही फिकट माती कुठली? मी हाताने दिशा दाखवली. त्या लगेच वळल्या. घरात गेल्या आणि त्यांनी जावयाला दवाखान्यात फोन केला.

ती पांढरी नव्हती. खाणीतला खडक गिरण्यांत कुटून सोने काढून घेतल्यावर उरलेला भुगा तिथे टाकलेला होता. सोन्यासोबत त्या खडकात आर्सेनिक असते, ते भुग्यात राहते. गावातले लोक भाजी लावतात ती लाकडी खोक्यांत, विकतच्या मातीत. बाहेर खेळून आलेल्या मुलांचे हात आधी धुतात. शेजारच्या बाईंकडून कळलेले हे सगळे जावयाने त्याच दुपारी, उभ्या उभ्या, आम्हाला सांगितले. त्यालाही ते माहीत नव्हते, या गावात घर घेऊन त्याला वर्षही झाले नव्हते.

डॉक्टरांकडे मी मुलीसोबत होते. भाजी धुतली होती का, त्यांनी विचारले. प्रत्येक वेळी, मुलगी म्हणाली. मग त्यांनी विचारले, माती तोंडात गेली का?

मुलगी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आई, तू जरा बाहेर बसतेस?"

मी उठले नाही.

"थोडी खाल्ली," तिने डॉक्टरांना सांगितले.

"एकदा?"

"रोज. पाणी घातल्यावर."

आमच्याकडे पोटुशी बाई चुलीची भाजकी माती चघळते, त्याचे कुणाला नवल वाटत नाही. डॉक्टरांनाही वाटले नाही. त्यांनी किती दिवस, एवढेच विचारले आणि लिहून घेतले. रक्त आणि लघवी तपासायला गेली.

घरी भाऊ ओट्यावर बसून होते. त्यांनी एकच प्रश्न केला, "मी आनेल माती खादी का तिनी?" मी हो म्हटले. ते फावडे घेऊन वाफ्याकडे गेले. शेजारच्या बाईंनी कुंपणापलीकडून त्यांना हाताने थांबवले. उकरल्याने धूळ उडेल. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची, तोंडाला मास्क लावलेली दोन माणसे आली. त्यांनी वाफा ओला केला, वर ताडपत्री टाकली, कडेने दगड ठेवले. धुळ्याच्या विहीणबाईंना फोनवर, मेथीला कीड लागली, असे सांगितले. भाऊंनी तेव्हापासून परसात जाणे सोडले. जेवताना ते मुलीच्या ताटाकडे पाहत नाहीत.

पहिल्या तपासणीत लघवीतले आर्सेनिक मर्यादेच्या बरेच वर निघाले. दुसऱ्या तपासणीत ते खाली आले होते. या सोमवारी सोनोग्राफी झाली. बाळाचे ठोके नियमित आहेत. दिवसांच्या मानाने त्याची वाढ कमी आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले.