नाव नसलेलं अंग

चैत्रात पानगळ पाहायची सवय आईच्या डोळ्यांना लागायला वेळ लागला. नाशिकला ज्या दिवसांत कैऱ्यांचा आंबूस, उष्ण वास घरभर हिंडत असतो, त्याच दिवसांत इथे न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला, शेजारणीच्या कुंपणावरून फिजोआची हिरवी फळं आमच्या अंगणात टपटपत असतात आणि सकाळच्या ओल्या गवतातून पेरू, अननस आणि कसल्याशा अत्तराचा मिसळलेला वास वर येत असतो. आई ती फळं वेचून आणी, आडवी चिरी आणि खाण्याआधी त्यांचा छेद खिडकीच्या उजेडात धरून निरखत राही. जन्मभर शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईची ती खोड. कुठल्याही गोष्टीचं आतलं रूप पाहिल्याशिवाय तिला ती गोष्ट कळल्यासारखी वाटतच नसे.

बाबा गेल्यानंतर ती माझ्याकडे दीर्घ मुक्कामासाठी आली होती. पहिले काही आठवडे तिने आमची टेकडी उत्साहाने पालथी घातली. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे ‘डेअरी’ म्हणतात याची तिला गंमत वाटे, आणि तिथल्या गुजराती काकांशी चार वाक्यं बोलायला म्हणून ती रोज दूध आणायला जाई. मग हळूहळू तिचं जग आक्रसत गेलं. बागेत येतेस का म्हटलं की गुडघा पुढे करायची, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला चल म्हटलं की थंडी. कुठेही निघण्याआधी तिथे बाथरूम आहे ना, हे दोनदा विचारायची. आपले कपडे ती आमच्यापासून वेगळे धुई, आणि जुन्या सुती साडीचे चौकोनी तुकडे तिच्या खोलीतल्या हीटरमागे वाळत पडलेले मला एकदोनदा दिसले. मी त्याला वय म्हटलं, दुःख म्हटलं. आपल्याला न उलगडणाऱ्या गोष्टींना आपण किती चटकन नावं देतो!

एका रविवारी माझी लेक ईरा आजीला जवळजवळ ओढतच समुद्रकाठच्या रस्त्यावर घेऊन आली. दक्षिणेचा वारा सुटला होता, उन्हाला चांदीची झाक होती आणि पाण्यावरून येणारा खारट गारवा थेट कानांत शिरत होता. ईरा तेरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. तिने आपल्या गणिताच्या शिक्षकांची नक्कल केली आणि आई खळखळून हसली. हसता हसता एकदम थांबली, जवळच्या बाकावर बसली आणि शाल मांडीवर ओढून घेतली.

“आजी, आर यू ओके?” ईराने विचारलं.

“तू पुढे हो बाळा, ते पक्षी बघ. आम्ही आलोच,” आई म्हणाली. ईरा गेल्यावर माझ्याकडे न बघता, समुद्राकडे बघत ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “मनू, माझं अंग बाहेर येतं गं.”

मला क्षणभर अर्थच लागेना. अंग म्हणजे शरीर. शरीर कशातून बाहेर येणार? मग लहानपणी बायकांच्या कुजबुजीतून कानांवर पडलेली ती शब्दयोजना कुठून तरी वर आली. गर्भाशय खाली सरकणं.

“केव्हापासून?”

“तुझा भाऊ झाला तेव्हापासून. आधी थोडंच होतं. आता हसलं, शिंकलं, चढ चढला की...” तिने शालीची किनार बोटाला गुंडाळली. “मला परत जाऊ दे. तिथे माझी सगळी घडी बसलेली आहे.”

“डॉक्टरांना दाखवलं नाहीस? बाबांना तरी?”

“काय सांगणार? कुठल्या शब्दांत?”

तिचं ते वाक्य मी तेव्हा निव्वळ लाजेचं समजले. ते अगदी शब्दशः खरं होतं, हे कळायला अजून काही दिवस जायचे होते.

परत जाण्याआधी एकदा दाखवून तरी घेऊ, म्हणत मी तिला राजी केलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, भिण्यासारखं काही नाही म्हणाल्या, आणि ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिचं नाव फियोना. पिकल्या केसांची, धिप्पाड, आवाजात ऊब असलेली बाई. “किया ओरा,” असा माओरी भाषेतला नमस्कार करत तिने आईचा हात दोन्ही हातांत घेतला. आईला इंग्रजी वाचता उत्तम येई, पण या देशातले उच्चार तिच्या हाती लागत नसत. म्हणून दुभाषी मी. मला ते काम अवघड वाटायचं कारण नव्हतं. मी एका सरकारी खात्यात नोकरी करते आणि क्लिष्ट मजकूर सामान्य माणसाला कळेल असा सोपा करून लिहिणं हाच माझा पेशा आहे.

फियोनाने स्त्रीच्या अवयवांची कापडाची शिवलेली एक प्रतिकृती टेबलावर ठेवली आणि एकेका भागावर बोट ठेवून सांगायला लागली. मी तोंड उघडलं आणि अडखळले. हा भाग मराठीत काय? जो शब्द आठवला तो पाठ्यपुस्तकातला, अत्तराच्या कुपीसारखा बंद. दुसरा आठवला तो रस्त्यावरच्या भांडणात पुरुषांच्या तोंडून ऐकलेला. या दोहोंच्या मध्ये, जिथे आई आणि मुलगी बसून बोलू शकतील अशा जागी, माझ्या भाषेत मला एकही शब्द सापडेना. डोळ्याला, कोपराला, टाचेला, अगदी काखेलासुद्धा जिने मला शब्द शिकवले, तिच्याशीच बोलताना मी ‘हे’, ‘ते’, ‘खालचं’ अशा सर्वनामांच्या काठाकाठाने चालत होते. शेवटी आईनेच सुटका केली. ती प्रतिकृती तिने जवळ ओढली, फळ निरखावं तशी निरखली आणि म्हणाली, “फुलाचे भाग मी मुलांना न अडखळता सांगायचे. कुक्षी, कुक्षीवृंत, अंडाशय. माणसाचा धडा आला की म्हणायचे, हा घरी वाचा.” आणि ती स्वतःशीच हसली.

फियोनाने मग विचारलं, आईने स्वतःला कधी पाहिलं आहे का? हवं असेल तर हा हातातला आरसा आहे, नको असेल तरी काहीच बिघडत नाही. मी ते भाषांतर केलं आणि नकाराची वाट पाहू लागले. आईने आरसा घेतला.

पडद्याच्या अलीकडे उभी राहून मी भिंतीवरचं एक चित्र उगाच न्याहाळत होते. किती विचित्र ते थांबणं! मला आमच्या पोहण्याच्या तलावावरची कपडे बदलायची खोली आठवली. तिथे साठी-सत्तरीच्या बायका शॉवरखाली निःसंकोच उभ्या असतात. सुरकुतलेली पोटं, शस्त्रक्रियांचे व्रण, सैलावलेले दंड घेऊन हवापाण्याच्या गप्पा मारत असतात. आणि मी मात्र पोहण्याचे कपडे, इथल्या भाषेत ‘टॉग्ज’, भिंतीकडे तोंड करून टॉवेलच्या आडोशाने चढवते. माझं पोट, माझ्या मांड्या, माझे पांढरे होत चाललेले केस यांच्याशी माझं नातं नेहमीच तक्रारीचं राहिलं. फोटोत कसे दिसतील, कुर्त्यातून कसे दिसतील, एवढीच त्यांची ओळख. दुसऱ्याच्या डोळ्यांनी मी स्वतःला आयुष्यभर पाहत आले होते. जे दुसऱ्याला दिसायचं नाही, त्याकडे माझं लक्ष जायचं कारणच पडलं नव्हतं.

 पडद्यापलीकडून आईचा आवाज आला; वर्गातला, स्वच्छ, किंचित चढा.

“मनू, डावी-उजवी बाजू सारखी नाही गं. तिला विचार, सगळ्यांचं असंच असतं का?”

मी विचारलं. फियोना मनापासून हसली. इतकी वर्षं हे काम करते आहे, पण एकीसारखी दुसरी अजून पाहिली नाही, असं तिने सांगितलं. मी ते आईपर्यंत पोचवलं.

“म्हणजे पानांसारखंच,” पडद्याआडून उत्तर आलं. आणि थोडं थांबून, “मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. तसं काही नाहीये.”

त्या शेवटच्या वाक्याचं भाषांतर करताना मला रडू फुटलं. फियोनाने माझ्याकडे कागदी रुमालांचा डबा सरकवला. आईला मात्र त्याची गरज पडली नाही. तिच्याजवळ प्रश्नच इतके होते, की रडायला तिला फुरसत नव्हती. हा स्नायू कुठून निघतो? आकुंचन पावला हे आतून कसं ओळखायचं? गर्भाशयाला आधार देणारी मऊ रिंग बसवून झाली, व्यायाम शिकून झाला. पहिल्यांदा तो स्नायू आईला नेमका वर उचलता आला तेव्हा फियोना इथल्या बोलीतली शाबासकी देत म्हणाली, “स्वीट अ‍ॅज!” आणि आईने मला विचारलं, “गोड काय झालं?”

नंतरच्या आठवड्यांत घरात एक वेगळीच हवा खेळू लागली. आई सकाळी खिडकीशी बसून डोळे मिटून व्यायाम करी. चेहऱ्यावर, दूरचा आवाज ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा एकाग्र भाव. एका संध्याकाळी लसूण सोलता सोलता तिचे हात थांबले.

“मायांग,” ती म्हणाली.

“काय?”

“शब्द. त्या भागाला आजोळी बायका म्हणायच्या. मायांग. मी शाळेत जायला लागल्यावर आईने सांगितलं, हे असलं गावंढळ बोलायचं नाही.”

माय आणि अंग. मी तो शब्द दोनदा मनाशी उच्चारून पाहिला. त्यात पोथीचा सोवळेपणा नव्हता की शिवीचा चिखल नव्हता; नुसती जवळीक होती. सभ्य दिसायच्या आणि शिकायच्या घाईत आम्ही दोन पिढ्यांनी तो वाटेत कुठे टाकून दिला, कोण जाणे. टेबलाशी अभ्यास करत बसलेल्या ईराने मान वर केली. “आजी, व्हॉट डझ दॅट मीन?”

मी आईकडे पाहिलं. आईने लसणाची पाकळी खाली ठेवली आणि सांगितलं. सोप्या मराठीत, न अडखळता, आवाज जराही न पाडता. ईरा ऐकत राहिली. “ओके,” म्हणाली, आणि दोन-तीन प्रश्न विचारले, जे मी तिच्या वयात स्वप्नातही विचारू शकले नसते. मग पुन्हा वहीत डोकं घातलं.

हिवाळा सरत आला. आई चढ चढू लागली, मंडळाच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत बसू लागली. नाशिकला परतण्याआधी फियोनाकडची शेवटची भेट झाली. निघताना दोघी बायकांनी एकमेकींना मिठी मारली. मी दार उघडत असताना फियोनाने सहज विचारलं, “आणि तुझं काय? तुझं सगळं ठीक?”

“हो, मी ठीक आहे,” मी म्हणाले.

गाडीत बसल्यावर आईने विचारलं, “शेवटी काय म्हणाली ती?”

मी सांगितलं.

“मग? आहेस ठीक?”

उत्तर देण्यासाठी मी आत शोधू लागले आणि माझ्या लक्षात आलं, की मला माहीत नाही. बाळंतपण झालं, पाळी आता अनियमित होऊ घातलेली, खोकल्याची उबळ आली की नकळत पाय आवळून घेणं अंगवळणी पडलेलं, आणि या सगळ्यावर ‘ठीक’ हा शब्द मी न बघताच झाकणासारखा ठेवून दिला होता. काही आठवडे मी आईच्या देहाचं भाषांतर करत होते. स्वतःच्या देहाचं मूळ वाचायचं मात्र राहूनच गेलं होतं.

“पाहिलंयस कधी?” आईने विचारलं. त्या प्रश्नात ना उपदेश होता, ना चेष्टा.

“नाही.”

“मग बघ की,” ती म्हणाली आणि काच खाली करून बंदरातल्या बोटी पाहू लागली.

मी गाडी सुरू केली. लाज वाटेल असं मला वाटलं होतं, पण ती कुठे जाणवेना. तिच्या जागी, परक्या गावातल्या पहिल्या सकाळी खिडकी उघडण्याआधी वाटते तशी, हलकीशी उत्सुकता होती.