कोल्हापूर ते सांबरा: आकाशमार्गे बेचाळीस मिनिटे

भाचीच्या विवाहास विमानाने जाण्याचा संकल्प मी नकाशावर फूटपट्टी ठेवून केला. कोल्हापूरच्या विमानतळापासून बेळगावजवळच्या सांबरा विमानतळापर्यंत सरळ रेषेत अंतर साठ मैलांस किंचित कमी. विमानाचा वेग ताशी पंचाऐंशी मैल. अर्थात बेचाळीस मिनिटे. निपाणी, संकेश्वर, काकतीवरून जाणारी सर्व्हिस मोटार लढाई संपली तरी कोळशाच्या गॅसवरच धापा टाकीत पाच तास घेई. बेळगावातल्या शहापुरात मुहूर्त दुपारी साडेबाराचा. वधूच्या मागे मामाने उभे राहायचे, आणि तिला मामा मी एकटाच.

लग्न गुरुवारी होते. गुरुवारी दक्षिणेस जाणे निषिद्ध. म्हणून सौभाग्यवतीने बुधवारीच आमचे ‘प्रस्थान’ निपाणीस आत्याबाईंकडे पाठवले. शुभ दिवशी आपले गाठोडे वाटेवरच्या घरी ठेवले, की शास्त्र आपणांस निघालेलेच समजते. त्यात माझा रेशमी मुकटा, उपरणे आणि लग्नपत्रिका. गुरुवारी सहाच्या मोटारीने निघालेली सौभाग्यवती ते वाटेत घेणार होती.

मी नऊ वाजता एका माजी विद्यार्थ्याच्या दोन आसनी विमानात आरूढ झालो. तळावरची मेंढरे हाकण्यात पंचवीस मिनिटे गेली. ती गणितात धरली नव्हती. गगनविहारेच्छूंनी टोपी बांधून घ्यावी. माझी निपाणीच्या तंबाखूच्या शेतात कोठेतरी आहे. हिरण्यकेशी नदी वरून रुप्याच्या करगोट्यासारखी दिसते म्हणे. माझे नेत्र मिटलेले होते.

चव्वेचाळीस मिनिटांत उतरलो. तळ लष्कराचा. वैमानिकास परवानगी होती. माझी कोणी काढलीच नव्हती. फाटकावरच्या खानापूरकडील शिपायास मी वधूचा मातुल असल्याचे सविस्तर निवेदन केले.

“मामा हायसा, तर पत्रिका कुठं हाय?”

“निपाणीस.”

“आन् तुमी हितं. ती कशानं येतीया?”

“सर्व्हिस मोटारीने.”

“मग तुमी बी तीतनंच यायचं न्हाय व्हय, अण्णा?”

साहेबांची चौकशी संपेपर्यंत बारा वाजले. मग त्याच शिपायाने हळहळून मला भाजीच्या बैलगाडीत बसवून दिले. मुहूर्ताचे गांभीर्य मी बैलांस संस्कृतात व प्राकृतात विशद केले. दोन तास लागले.

पोहोचलो तेव्हा पंगत बसली होती. मोटार अकरालाच आली होती. भटजींनी मामा कुठे म्हणून विचारताच सौभाग्यवतीने, ते कालच निघालेत, असे सांगून गाठोडे पुढे केले. शास्त्र भटजींनीही मान्य केले. गाठोडे वधूच्या मागे चौरंगावर ठेवून मंगलाष्टके झाली. शेजारचे विणकर आप्पा मला पाहून म्हणाले, “मामा लई गुणी निघालं. एक शबूद बोललं न्हाईत.”

भाची पाया पडली. मान मात्र वर केली नाही. कोणत्याही वाहनाने ते अंतर मला त्या दिवशी कापता आले नाही.

परतीस मोटारच धरली. संकेश्वरास ती निवेपर्यंत मिळणारी कांदाभजी उत्तम. तिकडे जाणाऱ्यांनी चुकवू नये. माझी पुडी मात्र मी शेजारच्या उतारूस दिली.

पंधरवड्याने भाचीचे कंग्राळीहून, सासरहून, पत्र आले: “मामा, इथं सगळ्यांना सांगते, माझे मामा लग्नाला विमानानं आले. कधी पोचले, ते वऱ्हाडी मंडळींना ठाऊक आहे. पण ती गप्प आहेत. विमानातून येणारा मामा त्यांनाही हवाच आहे.”

सबब, कंग्राळीच्या वाचकांनी विमान उतरल्यानंतरचा मजकूर कृपया वाचू नये.