दोन टोपल्यांचा युसुफ

युसुफ गिऱ्हाइकाला मासळी नाकारायचा. टोपलीत मासळी आहे, समोर बाई पैसे धरून उभी आहे, तरी नाकारायचा. तो गेला तेव्हा मशिदीबाहेर लोक म्हणत होते, देवमाणूस होता. कसला देवमाणूस! मिरकरवाड्याच्या बंदरावर आम्ही दोघं एकाच लिलावात माल घ्यायचो, सायकलच्या कॅरियरला दोन्ही बाजूंना एकेक टोपली बांधायचो आणि डोंगरावरच्या पठारावर, सड्यावरच्या वाड्यांत विकायला जायचो. इतका बावळट धंदेवाला मी दुसरा पाहिला नाही.

त्याची रीत अशी. डाव्या टोपलीतून किलोभर दिली की पुढची किलोभर उजवीतून. मध्येच माल इकडचा तिकडे करायचा नाही, बर्फ उसकटला की मासळी खराब होते म्हणे. बाई म्हणाली, "डावीतले बांगडे बरे दिसतात," तर हा मान हलवायचा.

"आता उजवीची पाळी हाय, बाय. पायजे तर घे, नायतर उद्या ये."

एकीने त्याला विचारलं, "सायकल हाय का नवरी रे तुझी? एवढे लाड!"

"नवरी रुसली तर कोपऱ्यात बसते," हा म्हणाला, "ही रुसली तर मलाच रस्त्यात झोपवते."

मी भर बंदरात त्याला "ए तराजू" अशी हाक मारायचो. तो हसायचा. मी उतारावर ब्रेक न लावता सुटायचो, आणि हा मात्र उतार आला की खाली उतरून सायकल हाताने धरून चालायचा, आजारी म्हातारीला दवाखान्यात नेल्यासारखा.

मोबाईल नुकते दिसायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. आखातातून माणसं आलेल्या एका घरी मेजवानी होती. त्यांनी माझी डावी टोपली एकदम रिकामी केली. उजवी तशीच भरलेली. मी खूश. पुढे नाक्यावर माझी बायको भेटली, माहेराहून चालत येत होती. म्हटलं, बस दांडीवर. तिने टोपल्यांकडे बघितलं.

"आधी अर्धी मासळी तिकडे घ्या. युसुफभाव सांगतात ना, दोन्हीकडे वजन सारखं हवं."

त्याचं नाव काढलं नसतं तर घेतलीही असती.

"त्या बावळटाची अक्कल मला शिकवू नको. बस!"

ती बसली. उतारावरच्या वळणाला जांभ्या दगडाची बारीक खडी होती. सायकल उजवीकडे कलली ती कललीच. मला खरचटलंसुद्धा नाही. तिचं उजवं मनगट अंगाखाली सापडलं.

मागून युसुफ आला. चालत, दुसरं काय. त्याने आपल्या दोन्ही टोपल्या सोडून रस्त्याकडेला ठेवल्या, डोक्याचं फडकं काढून तिचा हात गळ्यात बांधला आणि तिला कॅरियरवर बसवून दवाखान्यापर्यंत सायकल ढकलत नेली. मी बाजूने तिला धरून चाललो. त्याची मासळी उन्हात सडली. वाटेत तो मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. पुढेही कधी नाही. एकदा तरी "मी सांगत होतो ना" म्हणाला असता, तर मी चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. तेवढीही दया त्याला आली नाही.

मनगट वाकडं बसलं. बायको डाव्या हाताने भाकरी थापायला शिकली. भाकरी कडेला फाटायची. मी मुकाट खायचो. युसुफ अधूनमधून दारात दोन बांगडे देऊन जायचा, एक डावीतला, एक उजवीतला. तो आला की मी मागल्या दाराने बाहेर.

मग ती गेली. तेराव्यानंतर युसुफ आला. तोवर मासळीचे टेम्पो दारोदार फिरायला लागले होते, त्याच्या टोपल्या सुटल्या होत्या. हँडलला दोन बाजूंना दोन पिशव्या, एकेकीत एक बांगडा.

"दोन कशाला आणलेस? खाणारा मी एकटा."

"एकाच बाजूला टांगला तर सायकल ओढते."

"बांगड्याच्या वजनाने? गाढवा, म्हातारा झालास पण अक्कल नाही आली."

"भरल्या सायकलीला नाय कळत," तो म्हणाला. "रिकामीला लगेच कळतं."

तो पिशव्या सोडत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी ती मला म्हणाली होती, अर्धी मासळी तिकडे घ्या." हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ठाव हाय मला. वैनी दवाखान्यात बोलल्या."

"काय बोलली?"

"म्हणाल्या, हात मोडलाय तेवढा पुरे, त्यांना काय बोलू नका."

त्याने सायकल वळवली. पुढे साधा सपाट रस्ता, सायकल रिकामी, तरी चालतच गेला, बावळट.

मी दोन्ही बांगडे तळले. दोन पानं घेतली.