टकटक मावशींचा ठिपका

गल्लीत त्यांना सगळे टकटक मावशी म्हणायचे, आणि ते काही उगीच नाही. दुकानातली कढई असो, नवी फरशी असो की कलिंगड, मावशी आधी एका बाजूनं टकटक करणार, दुसऱ्या बाजूला बोट लावून ठेवणार आणि मग मान हलवणार. मान आडवी हलली की दुकानदारानं कितीही शपथा घेतल्या तरी वस्तू परत फळीवर. त्यांचा जावई मित्रांत सांगायचा की, लग्नाआधी त्या मला बघायला आल्या तेव्हा माझ्या डोक्यावरही टकटक करतात की काय, म्हणून मी मान ताठ धरून बसलो होतो.

ही खोड कारखान्यातली. मावशींनी उभा जन्म ट्रकच्या कारखान्यात रिव्हेटं तपासली. ट्रकचा खालचा सांगाडा, म्हणजे चासी, जिथे जिथे जोडलेली असते तिथे तिथे जाडजूड रिव्हेटं बसवलेली असतात. भोकातून घातलेला लोखंडी दांडा यंत्रानं असा दाबायचा की त्याला दोन्हीकडे डोकी फुटतात आणि मधलं अंग फुगून भोक गच्च भरतं. मावशी एका बाजूनं छोटी हातोडी मारायच्या आणि दुसऱ्या बाजूला बोट टेकवायच्या. भरलेलं रिव्हेट गप्प राहतं, सैल असलं की बोटाला झिणझिण्या येतात. पास झालं की शेजारी पंचनं, म्हणजे टोकदार लोखंडी कांडी ठोकून, एक बारीक ठिपका. एवढंच काम, पण ते चुकलं तर डोंगरउतारावर कुणाचा तरी जीव जायचा, हे त्या कधी विसरल्या नाहीत.

त्या ठणठणाटानं त्यांचे कान खाल्ले. आता त्या लेकीकडे राहायच्या आणि मालिका अशा आवाजात लावायच्या की खलनायिकेची कारस्थानं नायिकेच्या आधी शेजाऱ्यांना कळायची. जावई उशी कानावर दाबून पडायचा. माणूस वाईट नव्हता. ट्रक दुरुस्तीत त्याचा हात चांगला बसलेला होता आणि त्याचा त्याला थोडा माजही होता. सासूबाईंची नोकरी म्हणजे उभ्या उभ्या टकटक करायची, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं, आणि त्यांनी त्याचं कौतुक म्हणून कधी केलं नव्हतं, हेही होतं.

तर झालं असं की त्याच्या थोरल्या भावाचा ट्रक गॅरेजमध्ये आला. आईबाप लवकर गेले, तेव्हा दादानं याच ट्रकवर धाकट्याला वाढवलं, शिकवलं, गॅरेज उभं करून दिलं. ट्रक म्हातारा झाला होता, पण दादाचं घर अजून त्याच्यावरच चालत होतं. मागची स्प्रिंग चासीला धरून ठेवणारं ब्रॅकेट तडकलं होतं. ते बदलायचं तर आधी कारखान्यात बसवलेली रिव्हेटं काढायची, आणि तीसुद्धा चासीच्या भोकांना धक्का न लावता. एखादं भोक वाकडं झालं तर ते मोठं करून जाड बोल्ट घालता येतो. शेजारशेजारची दोन गेली, तर त्या जागी चासीत जीव राहत नाही, आणि एवढ्या जुन्या ट्रकला नवी चासी कोण घालतो? थेट भंगार.

धाकट्यानं आतल्या बाजूनं पहिल्या रिव्हेटाचं डोकं ग्राइंडरनं घासून सपाट केलं. डोकं जिथे होतं त्याच्या बरोबर मधोमध पंच मारला आणि ड्रिल लावलं. सगळे असंच करतात. अर्ध्यात ड्रिलचा आवाज बदलला. बाहेर काढून बघतो तर भोक रिव्हेट सोडून चासीच्या लोखंडात शिरलेलं. कसंबसं रिव्हेट निघालं तेव्हा खालचं भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं.

आता पुढच्या रिव्हेटाला हात लावायची त्याची हिंमत होईना. हातोडा आपटत तो ही रिव्हेटं पास करणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला. दादा एका उलट्या डब्यावर बसून होता. तो नुसता त्या लांबट भोकाकडे बघत होता, आणि धाकट्याला तेच सहन होत नव्हतं.

एवढ्यात जेवणाचा डबा घेऊन मावशी आल्या. डबा टेबलावर ठेवला, चष्मा पदरानं पुसला आणि वाकून ट्रकखाली बघितलं. चासीवर हात फिरवता फिरवता त्यांचं बोट एका जागी थांबलं. रंगाखाली बारीक ठिपका होता.

"मीच पास केलीत ही," त्या म्हणाल्या. "तुमच्या शिव्या कळल्या मला, जावईबापू. कानांनी ऐकू येत नाही, पण कारखान्यातल्या ठणठणाटात आम्ही सगळे ओठ बघूनच बोलणं ओळखायचो."

जावयाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मावशींचं मात्र त्याच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी त्याला पुढच्या रिव्हेटाचं डोकं घासायला लावलं. घासून झाल्यावर तिथे नुसतं चकचकीत लोखंड उरलं. रिव्हेट कुठे संपतं आणि चासी कुठे सुरू होते, काही कळेना. मावशींनी त्यावर रॉकेल ओतलं आणि सगळ्यांना जेवून घ्यायला सांगितलं. दादा घास हातात धरून ट्रककडेच बघत राहिला. मावशी निवांत जेवल्या, वर लोणचं नाही म्हणून कुरकुरल्या.

मग त्यांनी ती जागा कापडानं पुसून कोरडी ठणठणीत केली, वर खडू घासून पांढरी केली, आणि चासीच्या बाहेरच्या बाजूला जाऊन रिव्हेटाच्या तिथल्या डोक्यावर हातोडीनं हलकेच ठोकू लागल्या.

जावई आतल्या बाजूला डोळे लावून बसला होता. आधी काहीच नाही. मग पांढऱ्यावर एक ओलसर, काळपट रेघ उमटली. ती वाकली, सरकत सरकत पुढे गेली आणि पुरा गोल झाली. रिव्हेटाभोवतीच्या केसाएवढ्या फटीत मुरलेलं रॉकेल ठोक्यांनी बाहेर येत होतं आणि रिव्हेटाचं अंग नेमकं कुठे आहे ते खडूवर काढून दाखवत होतं. डोकं जिथे होतं त्याच्या मधोमध तो गोल नव्हता. चांगला एका बाजूला सरकलेला होता.

इतकी वर्षं लोखंडात घालवून त्याला वाटायचं की लोखंड आपल्याला कळतं, आणि हे लोखंड आज त्याच्यासमोर पहिल्यांदा बोलत होतं. तो हळूच म्हणाला, "दादा, इकडे ये. बघ तरी." दादा गुडघे टेकून वाकला आणि दोघे भाऊ लहान मुलांसारखे तो गोल बघत राहिले.

"डोकं तर वाकडं आहे," जावयानं मावशींकडे तोंड करून, सावकाश म्हटलं. "मग तुम्ही पास कसं केलंत?"

"डोकं वाकडं असलं तर चालतं," मावशी म्हणाल्या. "अंग भरलेलं पाहिजे."

त्यानं गोलाच्या मधोमध पंच मारला. ड्रिल घातलं तसं सरळ गेलं, रिव्हेटाचं गच्च अंग सैल पडलं आणि पंचच्या दोन दणक्यांत ते बाहेरच्या बाजूनं खणकन जमिनीवर पडलं. खालचं भोक कारखान्यातून आलं तसंच्या तसं होतं. प्रत्येक रिव्हेटाला तेच केलं: रॉकेल, खडू, टकटक आणि पांढऱ्यावर उमटणारा गोल. प्रत्येकाचा गोल वेगळ्या बाजूला होता, आणि दर वेळी जावई श्वास रोखून बघत होता.

दिवस कलायच्या आत नवं ब्रॅकेट बोल्टांनी बसलं. लांबट झालेलं भोक त्यानं मोठं करून गोल केलं आणि त्यात जाड बोल्ट घट्ट बसवला. मावशींनी एकेक बोल्ट ठोकून पाहिला, पलीकडे बोट लावून. आपल्या जुन्या ठिपक्यांशेजारी नवे ठिपके मारले. जाड बोल्टाशी आल्या, बराच वेळ बोट ठेवलं आणि पंच खाली ठेवला.

"आणि हा?" जावयानं विचारलं.

"ठीक वाटतोय. पण रिकाम्या गाडीवर मी याला पास म्हणणार नाही. माल घालून एक फेरी होऊ दे."

जावयाला राग यायला हवा होता. आला नाही. पहिल्यांदाच त्याला कळलं की या बाईनं कौतुक केलं नाही ते कंजूषपणानं नव्हे. त्यांच्याकडे खोटं मोजमापच नव्हतं.

दादा माल भरून घाट उतरला, चढला आणि परत थेट गॅरेजसमोर येऊन थांबला. घरी मावशींना बोलावणं गेलं. मालिका अर्धवट सोडून त्या आल्या, पण ट्रकखाली गेल्या नाहीत. हातोडी जावयाच्या हातात दिली.

तो वाकला. त्यानं पलीकडे बोट टेकवलं आणि ठोकलं. पुन्हा ठोकलं. बोटाखाली काही हललं नाही. आतून भरलेली, खोल शांतता होती. या बाईचा सगळा जन्म ती शांतता शोधण्यात गेला, आणि तिच्यापायी कान गेले. त्याचे डोळे भरून आले, आणि ते दिसू नयेत म्हणून त्यानं उगीच आणखी एकदा ठोकलं.

बाहेर येऊन त्यानं मान उभी हलवली. मावशींना शब्दांची गरज नव्हती.

मावशींनी पदराआडून पंच काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"मारा मग," त्या म्हणाल्या. "आजपासून ठिपका तुमचा."